रुरिकटन ते अ‍ॅस्कलॉन: पायी, उलट्या वाटेनं

हाच प्रवास माझा धाकटा भाऊ अर्ध्या मिनिटात करतो. नकाशा उघडायचा, वेपॉइंटवर क्लिक करायचं, थोडी नाणी कापली जातात, एक लोडिंग स्क्रीन येते आणि गडी मुक्कामी. मला सात बैठका लागल्या.

गेम म्हणजे गिल्ड वॉर्स 2. 28 ऑगस्ट 2012 ला आलेला, त्यामुळे गेमांच्या वयात आजोबाच. पण त्याच्या वयाचे बाकीचे गेम आज प्लॅस्टिकचे वाटतात, हा वाटत नाही, कारण खऱ्यासारखं दिसायचा हट्ट त्यानं कधी धरलाच नाही. सुरुवातीच्या काळातले आर्ट डायरेक्टर डॅनिएल डोचिऊ हे मुळात कन्सेप्ट आर्टचे माणूस, आणि तो हात सगळीकडे दिसतो. लोडिंग स्क्रीनच्या कडा ब्रशचा फटकारा अर्धवट सोडल्यासारख्या. दूरचे डोंगर एका ओल्या हातानं ओढल्यासारखे. असा गेम पळत पळत खेळायचा म्हणजे चित्रप्रदर्शनात सायकल चालवण्यासारखं आहे. मीही तीन वर्षं तेच केलं होतं.

वाट ठरवताना थोडी कथा मदतीला आली. या मालिकेतला पहिला गेम 2005 सालचा. त्यात अ‍ॅस्कलॉन हे माणसांचं राज्य उद्ध्वस्त होतं, आणि राजपुत्र रुरिक उरलेल्या लोकांना घेऊन शिव्हरपीक पर्वत ओलांडून क्रायटा देशाकडे निघतो. रुरिक वाटेतच मरतो, लोक पोचतात. दुसरा गेम घडतो त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. क्रायटाची राजधानी डिव्हिनिटीज रीच, आणि तिच्यात रुरिकटन नावाची एक पेठ आहे. अ‍ॅस्कलॉनहून आलेल्यांच्या वंशजांची. म्हटलं, तिथून निघावं आणि निर्वासितांची वाट उलटी चालत अ‍ॅस्कलॉन शहराच्या अवशेषांपर्यंत जावं.

नियम चार. वेपॉइंट वापरायचा नाही. कुठल्याही वाहनावर बसायचं नाही. रस्त्यावर असताना पळायचं नाही, चालायचं (त्यासाठी सेटिंगमध्ये वेगळं बटण नेमून घ्यावं लागलं, कारण या जगात न पळण्याची इच्छा कुणाला होईल असं कुणाला वाटलेलंच नाही). आणि दर दिवशी एकच चित्र ठेवायचं, बाकी सगळी पुसायची.

पात्र नवीन केलं. एक्सपान्शनसोबत (गेमच्या पुढच्या विकतच्या भागासोबत) मिळालेला, नव्या पात्राला थेट लेव्हल 80 ला नेणारा बूस्ट पडून होता, तो वापरला. त्यामुळे अंगात ताकद आहे पण नकाशा कोरा, असं छान प्रकरण तयार झालं. ताकद असली तरी या गेममध्ये खालच्या लेव्हलच्या प्रदेशात गेलात की तो तुमची लेव्हल आपोआप उतरवतो, त्यामुळे माजायला जागा नाही. वर्ग रेंजर: धनुष्य आणि सोबत एक पाळीव अस्वल. नाव मंदाकिनी, कारण मंद चालायचं होतं.

पहिला दिवस: डिव्हिनिटीज रीच

143 स्क्रीनशॉट. ठेवण्यासारखा एकही नाही.

शहर गोल आहे. सहा देवांच्या नावाचे सहा मोठे रस्ते, मध्ये उंचावर राजवाड्याकडचा भाग, पांढुरक्या भिंती, निळी छपरं. मी रुरिकटनच्या गल्ल्यांतून सुरुवात केली आणि जे दिसेल ते टिपत सुटले. कमान दिसली, टिप. जिना दिसला, टिप. रात्री सगळं पाहायला बसले तेव्हा लक्षात आलं की ही चित्रं नाहीत, घर विकायला काढलेल्या माणसानं काढलेले फोटो आहेत. खोली दिसते, हवा दिसत नाही.

एक चूक तर अगदी बाळबोध होती. गेममध्ये कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्राचा एक स्लायडर आहे. लढताना आजूबाजूचं सगळं दिसावं म्हणून बहुतेक जण तो सताड रुंद ठेवतात, माझाही होता. रुंद दृष्टिक्षेत्रात जवळचं मोठं होतं आणि लांबचं आकसतं, त्यामुळे मागचा देखणा मनोरा काडेपेटीएवढा आणि पुढच्या पिंपाला उगाच महत्त्व. स्लायडर अरुंद केला, दहा पावलं मागे गेले, आणि मनोरा पुढे येऊन घरांच्या डोक्यावर उभा राहिला. तेवढा एक स्क्रीनशॉट नियमापुरता ठेवला.

चालताना मात्र एक गोष्ट कमावली. पळताना या शहरातली माणसं म्हणजे नुसते अडथळे असतात. चालायला लागलं की ती बोलताना ऐकू येतात. एक बाई दुसरीला बाजारातल्या भावावरून काहीतरी सांगत होती, मी मागे मागे गेले, पण वाक्य संपायच्या आत माझी वेस आली.

दुसरा दिवस: क्वीन्सडेल

वेशीबाहेर क्वीन्सडेल. नवख्या माणूस-पात्रांचं अंगण. शेतं, कुंपणं, ओढे, आणि मध्येच शेमूर नावाचं गाव. इथे सगळे धावत असतात कारण सगळ्यांना पहिल्या पंधरा लेव्हल उरकायच्या असतात. मी रस्त्याच्या कडेनं चालत होते तेव्हा तिघे जण थांबून माझ्याभोवती उड्या मारून गेले. मदत हवी आहे का, असं त्या उड्यांमधून विचारत असावेत.

आज ठरवलं होतं की संध्याकाळचा उजेड पकडायचा. त्याचं गणित सांगते, कारण सगळा प्रवास त्यावर बेतलेला आहे. टायरियाच्या, म्हणजे गेममधल्या जगाच्या, या जुन्या भागात दिवस-रात्रीचं चक्र दोन तासांचं आहे: 70 मिनिटं दिवस, 5 मिनिटं संध्याकाळ, 40 मिनिटं रात्र, 5 मिनिटं पहाट. म्हणजे आपल्या एका दिवसात तिथे बारा संध्याकाळी होतात, ऐकायला केवढी चैन! पण प्रत्येक जेमतेम पाच मिनिटांची. हुकली की पुढच्या संध्याकाळपर्यंत दोन तास.

पहिली हुकली. डाया नावाची एक शेतकरीण आहे, तिच्या शेतात मक्याला पाणी घालायचं, गुरांना चारा द्यायचा आणि जमिनीतून डोकं काढणाऱ्या अळ्यांचे उंचवटे पायानं दाबायचे, असं काम असतं. पाच मिनिटं मदत करू म्हटलं. झारी उचलली, मका हिरवागार होत गेला, आणि वर पाहिलं तर रात्र. सूर्य मी कणसांकडे बघत असताना गेला.

दोन तासांनी पुन्हा तिथेच. यावेळी काम नाही. एका टेकाडावर उभी राहिले, कंट्रोल-शिफ्ट-एच दाबून पडद्यावरची सगळी बटणं, नावं, नकाशा गायब केला, आणि थांबले. तेव्हा कळलं की ती पाच मिनिटंसुद्धा एकसारखी नसतात. आधी सावल्या लांबतात, रंग बदलत नाही. मग गवताची टोकं पिवळी होतात पण बुंधे हिरवेच. मग एकदम सगळ्यावर नारिंगी पाणी फिरतं, आणि हा भाग खरं तर सगळ्यात कमी कामाचा, कारण सगळंच नारिंगी झालं की काहीच नारिंगी राहत नाही. चित्र त्याच्या अलीकडे असतं, मिनिटभर. कुंपणाच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला थंड निळसर सावली, मध्ये रस्ता.

प्रिंट स्क्रीन दाबलं. बरोबर त्या क्षणी अस्वल उजवीकडून चालत आलं आणि रस्त्याच्या मधोमध बसलं.

धाकट्याला पाठवलं. त्याचं उत्तर: "ताई, पाळीव प्राणी आत ठेवायचं बटण असतं गं."

असतं. उद्यापासून वापरणार.

तिसरा दिवस: जेंडारन फील्ड्स

क्वीन्सडेलच्या पूर्वेला जेंडारन फील्ड्स. इथे शत्रू पंचवीस ते पस्तीस लेव्हलचे, रस्त्यावर सेंटॉर (अर्धे माणूस, अर्धे घोडे) भेटतात आणि ते तुम्ही चित्रकार आहात की काय हे विचारत नाहीत. दोनदा लढावं लागलं. लढणं माझ्या नियमांत बसतं, आवडीत बसत नाही.

इथे अ‍ॅस्कलॉन सेटलमेंट नावाची वस्ती आहे. पर्वत ओलांडून आलेल्यांनी जिथे आधी पाल ठोकली ती ही जागा. पहिल्या गेममध्येही होती. अडीचशे वर्षांत तिचं सेटलमेंट हे नाव काही सुटलं नाही, म्हणजे वस्ती अजून "तात्पुरती"च आहे. मला तिथे काही नाट्यमय सापडेल अशी आशा होती. लाकडी कुंपण, पहारेकरी, घरं, बस. तरी मी चांगला दीड तास थांबले आणि पूर्वेकडचे डोंगर ज्या फटीतून दिसतात ती जागा शोधून काढली. दोन घरांच्या मधल्या बोळात, जमिनीलगत कॅमेरा ठेवला तर, छपरांच्या त्रिकोणात शिव्हरपीकचा पांढरा कडा बसतो. आजचं चित्र तेच. त्यात आजच्या जागेचं जवळजवळ काहीच नाही, फक्त उद्याची जागा आहे.

रात्री एक वेडेपणा केला. फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये तैलचित्राचा फिल्टर असतो, तो तिन्ही चित्रांवर चालवून पाहिला. सगळं पाकात घोळल्यासारखं झालं. विचार करता कारण सापडलं. फिल्टर आकाश, भिंत, पानं, सगळ्यावर सारख्याच जोरानं फिरतो. चित्रकार तसं करत नाही. तो एका जागी डोळे फुटेस्तोवर काम करतो आणि बाकी जागा दोन फटकाऱ्यांत सोडून देतो. मला चित्रासारखं हवं असेल तर काय सोडायचं ते दाबायच्या आधीच ठरवायला हवं होतं. फिल्टर बंद केला तो कायमचा.

एक तांत्रिक गोष्ट मात्र उपयोगी पडली, सांगून ठेवते: गेम एरवी जेपेग फाइल साठवतो आणि धुक्यासारख्या मऊ रंगांत त्याचे चौकोनी डाग दिसतात. गेमच्या शॉर्टकटमध्ये शेवटी उणे चिन्ह देऊन बीएमपी लिहिलं की फाइल न दाबता साठवली जाते. फाइल बोजड होते, पण आकाश सलग राहतं.

चौथा दिवस: स्नोडेन ड्रिफ्ट्स

बर्फ सुरू झालं, आणि माझी सगळी गणितं कोसळली.

आतापर्यंत उजेड वस्तूंवर पडत होता. इथे वस्तूच उजेड आहेत. दुपारी सगळं इतकं पांढरं की स्क्रीनशॉटमध्ये नुसता कागद दिसतो. पोस्ट-प्रोसेसिंग (चित्रावर शेवटी चढवलेले परिणाम) सगळ्यात वर ठेवलं की ब्लूममुळे, म्हणजे उजळ जागांभोवती पसरणाऱ्या चकाकीमुळे, बर्फाच्या कडाच विरघळतात. ते बंद केलं तर दगड एकदम कोरडे, मोजून ठेवल्यासारखे. शेवटी मधलं ठेवलं आणि दुपार सोडून दिली. रात्र मात्र सुंदर. 40 मिनिटांची निळी रात्र, आणि बर्फात एखाद्या झोपडीची शेकोटी पेटलेली असली की तेवढा एकच ऊबदार ठिपका. रात्रीची चित्रं काढायचा माझा विचारच नव्हता, आणि आज तीच सगळ्यात बरी आली.

पहाटेपूर्वी एका कड्यावर चढले. लांबवर एकामागे एक चार डोंगररांगा, प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकट आणि अधिक निळी. ही युक्ती गेमवाल्यांची नव्हे. हवेमुळे लांबचं निळं आणि पुसट दिसतं आणि चित्रकारानं अंतर दाखवायला तेच वापरावं, हे लिओनार्दो द विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. इथे हवा नाहीच, म्हणून कुणीतरी बसून ती रंगवली आहे. पहिल्या रांगेवर झाडं मोजता येतात, दुसरीवर नुसती खरखर, तिसरी सपाट, चौथी म्हणजे आकाशावर पडलेला डाग.

पहाटेची पाच मिनिटं सुरू झाली. मला खालचं एक वाकडं झाड चौकटीत घ्यायचं होतं, म्हणून थोडी मागे सरकले. अजून थोडी. पडद्यावर कड्याची कड सुरेख खाली सरकत होती, झाड येत होतं, अजून एक पाऊल. या गेममध्ये कॅमेरा तुमच्या पाठीमागून पुढे बघतो. मागे काय आहे ते कधीच दिसत नाही. मागे दरी होती.

पडून मेलात तर या गेममध्ये आधीची अर्धमेली अवस्थासुद्धा मिळत नाही, थेट आडवं. पर्याय दोनच: वेपॉइंटवर जिवंत व्हा, म्हणजे माझा नियम मोडा, किंवा कुणी येऊन उठवण्याची वाट बघा. कड्याखालच्या या घळीत कोण येणार? तशीच पडून राहिले. आडव्या मंदाकिनीभोवती कॅमेरा फिरवता येत होता, म्हणून वरच्या कड्याचे दोन स्क्रीनशॉट काढले. वेळ जायला बसल्या बसल्या वाचत होते आणि मला माझा पूर्वज सापडला.

अठराव्या शतकात इंग्लंडमधले हौशी प्रवासी एक छोटा, किंचित फुगीर, काळपट आरसा बाळगत. सतराव्या शतकातला निसर्गचित्रकार क्लोद लोरँ याच्यावरून त्याला क्लोद आरसा म्हणत, कारण त्यात पाहिलं की देखावा त्याच्या चित्रासारखा दिसे: रंग मवाळ, तपशील कमी, सगळं एका चौकटीत. गंमत अशी की तो आरसा असल्यामुळे देखाव्याकडे चक्क पाठ करून उभं राहावं लागे. कवी थॉमस ग्रे 1769 साली लेक डिस्ट्रिक्टमध्ये असाच आरसा हातात उघडा धरून चालत होता आणि एका चिखलाच्या वाटेवर सपशेल उताणा पडला. बोटांची सालटी गेली. स्वतःच्या टिपणात त्यानंच हे लिहिलंय, आणि पुढे असंही की तरीही तो तिथेच थांबला आणि त्यानं सूर्यास्त पुरता पाहिला.

वीसेक मिनिटांनी वरून कुणीतरी ग्लायडर उघडून घिरट्या घेत उतरलं. असुरा जमातीचं पात्र, म्हणजे कमरेएवढी उंची आणि त्याहून मोठे कान. नाव दिसलं नाही, कारण नावं मीच बंद केलेली. ते माझ्याशेजारी गुडघ्यावर बसलं, हात पुढे केले, आणि मी उठले. मी वाकून नमस्काराचं इमोट केलं. त्यानंही केलं. मग ते तिथेच, मी बघत होते त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं. दोन मिनिटं तरी. नंतर एका उंच उडीच्या प्राण्यावर बसून ज्या कड्यावरून मी पडले त्यावर तीन उड्यांत गेलं.

आजचं चित्र: त्या दोन मिनिटांतलं. मोठे कान, पाठमोरे, मागे फिकट निळी रांग.

पाचवा दिवस: वेफेअरर फूटहिल्स, होलब्राक

कालच्या चित्रामुळे एक प्रश्न सुटला होता. इतके दिवस मंदाकिनीला चौकटीतून घालवायच्या मागे होते, कारण स्वतःचंच पात्र मध्ये उभं असलं की ते चित्र न वाटता आठवणीचा फोटो वाटतो, अमुक ठिकाणी आम्ही. पण कास्पार डाविड फ्रीड्रिश (1774–1840) हा जर्मन चित्रकार माणसं बहुधा पाठमोरीच काढायचा. आपल्याकडे पाठ करून, समोरच्या धुक्याकडे किंवा समुद्राकडे बघणारी. ती माणसं आपल्याला दिसण्यासाठी नसतात, त्यांच्या खांद्यावरून आपण बघावं म्हणून असतात. आणि पात्राच्या पाठीमागून बघणाऱ्या कॅमेऱ्याचा प्रत्येक गेम मुळात काय दाखवतो? पाठ! तासन् तास आपण एका पाठीकडेच बघत असतो. फक्त ती पळत असते म्हणून चित्र होत नाही.

मग आज तिला उभी केली. कधी लहान, कोपऱ्यात. कधी कड्याच्या टोकावर. उंच टोपी काढून टाकली, पाठीवरचं धनुष्य लपवलं, अंगरख्याला मातकट रंग दिला. आधीचा जांभळा मागच्या मालकिणीनं, म्हणजे मीच, घाईत निवडला होता.

वाटेत थोडं वाकडं जाऊन होलब्राक पाहिलं, नॉर्न लोकांचं गाव. नॉर्न म्हणजे माणसापेक्षा कितीतरी उंच, जनावरांच्या आत्म्यांना मानणारे. मोठ्या लॉजमध्ये एक प्रचंड दात टांगलेला आहे. जॉरमाग या बर्फाच्या ड्रॅगनचा, अस्गेर नावाच्या वीरानं तोडलेला. या दाताला जो चरा पाडेल त्याच्यामागे सगळे नॉर्न ड्रॅगनवर चालून जातील, अशी रीत. त्यामुळे येणारा-जाणारा त्यावर शस्त्र चालवून बघतो. मीही तासभर त्याच्यासमोर घालवला आणि त्याचं एकही धड चित्र आलं नाही. एवढी मोठी वस्तू मधोमध ठेवली की डोळ्याला दुसरं कामच उरत नाही. लॉजच्या दारातून आत येणारी उन्हाची पट्टी आणि तिच्यात नाचणारे कण, हे ठेवलं.

रात्री धाकटा ऑनलाइन आला. "ताई, तू अजून नॉर्नांतच? ये, ग्रिफनवरून सोडतो तुला." ग्रिफन म्हणजे उडतं वाहन. त्याला सांगितलं की मागे बसवायची सोय असली तरी बसणार नाही. मग तोही उतरून माझ्यासोबत चालायला लागला. चालायचं बटण कुठे असतं ते त्याला मीच सांगितलं, सहा वर्षांत त्याला कधी लागलंच नव्हतं. दहा मिनिटं चालला. "इथे ओढा आहे?" म्हणाला. मग त्याच्या गिल्डची, म्हणजे खेळाडूंच्या गटाची, काहीतरी मोहीम होती, तो गेला.

सहावा दिवस: डिएसा प्लॅटो

पर्वत उतरले की "चार" नावाच्या लोकांचा मुलूख. चार म्हणजे शिंगांची, मार्जारकुळातली, दोन पायांवर चालणारी आणि धावताना चारही पायांवर येणारी जमात; नाव आपल्याला बरोबर वाटतं. अ‍ॅस्कलॉन जाळलं ते यांनी. माणसांच्या आधी ही जमीन त्यांची होती, हेही कथेत आहे. आता तह चालू आहे, त्यामुळे चार जमातीच्या शिपायांनी मंदाकिनीला निमूट जाऊ दिलं.

तांबूस माती, वाळकं गवत, लोखंडी चौक्या आणि गुरं. फार वेळ काढला नाही. खरं सांगायचं तर लोखंड माझ्या हाताला येत नाही. त्याचे काटे-कंगोरे चौकटीत कुठेही ठेवले तरी ओरडतात. एकच जागा अपवाद. अ‍ॅस्कलॉनच्या उत्तरेची मोठी तटबंदी जिथे फुटली ते भगदाड. बाकी लोक तिथे उड्या मारत वर चढायच्या कोड्यासाठी येतात. मी तटाच्या सावलीत बसून राहिले. दगडांच्या राशीतून संध्याकाळचा एक कवडसा पलीकडच्या गवतावर पडत होता, आणि मंदाकिनी त्या उजेडात न ठेवता सावलीत ठेवली, एवढंच आजचं कसब.

सातवा दिवस: अ‍ॅस्कलॉन सिटी रुइन्स

प्लेन्स ऑफ अ‍ॅशफर्डमध्ये उतरले तेव्हा दिवसाची पंचवीस मिनिटं उरली होती. अवशेष लांबूनच दिसतात. तुटक्या कमानी, अर्धे बुरूज, मध्ये वाढलेलं गवत. सात दिवस जे शिकले ते सगळं वापरायचं ठरवलं होतं. दृष्टिक्षेत्र अरुंद, ब्लूम मध्यम, अस्वल आत, मंदाकिनी डावीकडे खाली, पाठमोरी, आणि संध्याकाळच्या दुसऱ्या मिनिटाची वाट बघायची.

एक गोष्ट विसरले होते. तिथे थांबता येत नाही.

कथा अशी. गेमच्या कालगणनेत 1070 साली चारांनी आकाशातून आग पाडून अ‍ॅस्कलॉन भाजून काढलं. वीस वर्षांनी शहर पडायची वेळ आली तेव्हा राजा अ‍ॅडेलबर्ननं, म्हणजे रुरिकच्या बापानं, एक भयंकर जादू केली. चार तर मेलेच, पण त्याचे स्वतःचे लोकही मेले आणि भुतं होऊन तिथेच राहिले, शहर राखत. समोर येणारा प्रत्येक जण त्यांना चारच दिसतो. चार शिपायांनी मला वाट दिली होती. ज्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या पेठेतून मी निघाले होते, ते माझ्यावर तुटून पडले.

निळसर, आरपार, उगाच देखणी भुतं. एकाला पाडावं तोवर दुसरं. मिनिटभरात पडलेली पुन्हा उभी. पहिल्या संध्याकाळी चौकट लावायलाच मिळाली नाही. दोन तासांनी दुसऱ्या संध्याकाळी आधीच एका कोपऱ्यात दबा धरून बसले, बटणं लपवली, आणि तिसऱ्या मिनिटाला मागून तलवार आली. बटणं लपवली की आपला जीव किती उरलाय तेही दिसत नाही, नुसता धापा टाकण्याचा आवाज येतो. पळाले. हो, पळाले, नियम मोडला.

तिसरी संध्याकाळ रात्री उशिरा आली. आता चौकटीबिकटीचा नाद सोडला होता. एका पडक्या कमानीसमोर उभी राहिले, दोन भुतांनी पाहिलं, आणि पहिला घाव बसताच आत ठेवलेलं अस्वल आपोआप बाहेर आलं. मालकिणीवर हल्ला झाला की पाळीव प्राणी बटणाला जुमानत नाही. ते सरळ कमानीखाली गेलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं. दोन्ही भुतं माझा नाद सोडून त्याच्याकडे वळली. मला कुणी विचारेना.

गवताची टोकं पिवळी होती, बुंधे अजून हिरवे. कमानीच्या डाव्या अंगावर ऊन, उजव्या अंगावर सावली, मध्ये भुतांचा निळा उजेड आणि त्या उजेडापुढे अस्वलाची काळी, रुंद पाठ. मी हळूहळू मागे सरकले. आधी कॅमेरा वळवून मागे काय आहे ते बघून घेतलं, मग एक पाऊल, मग अजून एक. प्रिंट स्क्रीन एकदाच दाबलं.

धाकट्याला पाठवलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. तो जागाच होता.

"ताई, अस्वल मध्ये आलंय."

"राहू दे," मी लिहिलं.